पोस्टरवरची चिल्लर

लॉन्ड्रीत तिला सगळे चिल्लर म्हणत. पाठीमागे कुजबुजून नव्हे, चांगलं तोंडावर म्हणत, आणि तीही ओ देत असे. कामाला लागली त्याच वर्षी हे नाव पडलं. मधल्या सुट्टीत कुणी तिला पाव आणायला पाठवलं, तर उरलेली नाणी ती एकेक करून त्यांच्या तळहातावर ठेवी. आणि तिने कुणाला पाठवलं, तर तितक्याच काटेकोरपणे स्वतःची परत घेई. "राहू दे गं" असं ती कुणाला म्हणत नसे, आणि कुणी तिला म्हटलेलं तिला खपत नसे.

लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान नव्हतं. दवाखाने आणि हॉटेलं यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल धुणारा तो एक लांबलचक, पत्र्याच्या छपराचा कारखाना होता. एका टोकाला मळक्या कपड्यांच्या पिशव्या उतरत, दुसऱ्या टोकाला पांढऱ्या घड्यांचे गठ्ठे गाडीत चढत. मध्ये चाळीस-बेचाळीस बायका. चिल्लर रोलरवर होती. ओली चादर दोघींनी दोन्ही कोपऱ्यांना धरून तापलेल्या रोलरच्या तोंडात द्यायची, की पलीकडून ती सुकून, इस्त्री होऊन बाहेर येई. तिकडे घडी घालायला दुसऱ्या दोघी. सव्वीस वर्षं चिल्लर त्या रोलरच्या वाफेत उभी होती आणि त्यातली वीस वर्षं पलीकडच्या बाजूला एकच बाई होती, जिला सगळे घडीवाली म्हणत. दोघींमधून किती चादरी गेल्या असतील याचा हिशोब चिल्लरनेही ठेवला नव्हता.

चिल्लर तापट होती. हे सांगितल्याशिवाय तिची गोष्ट सांगता येणार नाही, कारण तिने आयुष्यात जे काही साठवलं ते रागाच्या जोरावर. काही माणसं उद्याच्या आशेने पैसे बाजूला टाकतात. ही दात-ओठ खाऊन टाकायची.

त्याची सुरुवात अशी झाली. ती सव्वीस वर्षांची असताना तिच्या आईला दवाखान्यात न्यावं लागलं. घरात पैसे नव्हते. नवरा घरांना रंग द्यायचं काम करायचा आणि नेमकं तेव्हा काम बंद होतं. म्हणून ती थोरल्या दिराकडे गेली. दीर जेवत होता. त्याने तिला आत बोलावलं नाही, बसही म्हटलं नाही. ती दारात उभी राहिली. त्याने सावकाश जेवण संपवलं, हात धुतले, पुसले, जाऊबाईंना पैशांचा डबा आणायला सांगितला आणि नोटा पुढे करत विचारलं, "दोघं कमावता ना? मग जातात कुठे तुमचे पैसे?"

आई दवाखान्यात होती, तेव्हा तिने हात पुढे करून पैसे घेतले. आई वाचली. पण ते पैसे फेडायला चौदा महिने लागले आणि दर महिन्याला त्या दारात उभं राहून एक नवा उपदेश ऐकावा लागला. दीर वाईट माणूस नव्हता, असं तिचा नवरा म्हणायचा. चिल्लर म्हणायची, वाईट असता तर बरं झालं असतं, निदान दोन शिव्या तरी देता आल्या असत्या.

शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी ती घरी जाण्याऐवजी सरळ पोस्टात गेली आणि दर महिन्याला थोडे पैसे भरायचं खातं उघडलं. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, कशासाठी, मुलीच्या लग्नासाठी का. ती म्हणाली, "पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायला लागू नये म्हणून." त्याने फॉर्मवर काय लिहिलं देव जाणे.

तिच्या सवयी काही अवघड नव्हत्या. पगाराच्या दिवशी घरी जाण्याआधी पोस्टात जायचं आणि दहावा हिस्सा भरूनच उंबरा ओलांडायचा. सकाळी दोन थांबे अलीकडे उतरायचं, बाकीचं चालायचं. काही घ्यावंसं वाटलं तर कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायचं आणि महिना गेल्यावरही हवंसं वाटलं तरच घ्यायचं. निम्म्या गोष्टी तोवर विसरून जात. उरलेल्या निम्म्यांसाठी ती महिनाभर चिडचिड करे. पगार वाढला की वाढीतला अर्धा पोस्टात. आणि खात्यात जे पडलं ते पडलं, त्याला हात लावायचा नाही. मुदत संपली की तेच पैसे व्याजासकट पुन्हा ठेवायचे.

अवघड होतं ते या सवयींबरोबर एका घरात राहणं. नवरा स्वभावाने गमत्या. तो शेजाऱ्यांना सांगे, "आमच्याकडे साबणसुद्धा हिला विचारून फेस काढतो." हसू यायचं सगळ्यांना, तिलाही. पण लेक शाळेच्या सहलीला गेली नाही त्या वर्षी कुणी हसलं नाही. सहलीचे पैसे भरता आले नसते असं नव्हतं. भरता आले असते. चिल्लरने ते भरले नाहीत, कारण त्या महिन्यात तिने पोस्टात भरले होते आणि भरलेलं काढायचं नाही हा तिचा नियम होता. लेक रडली नाही, भांडलीही नाही. दोन दिवस तिने आईशी फक्त हो आणि नाही एवढंच बोलून काढले. चिल्लरला त्या दोन दिवसांचा राग अजून आहे आणि तो कुणावर काढायचा हे तिला अजून कळलेलं नाही.

नोकरीच्या चौदाव्या वर्षी तिचा हात रोलरमध्ये गेला.

रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. बोटं जास्त आत गेली की ती ढकलली जाते आणि मशीन थांबतं. ती दांडी तीन आठवड्यांपासून मोडलेली होती. चिल्लरने सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. कंपनीने कागदावर लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. चिल्लरने त्या कागदावर सही करायला नकार दिला.

ती अकरा महिने भांडली. कामगार कचेरीच्या लाकडी बाकावर हाताला पट्टी बांधून बसायची. त्यातले पाच महिने पगार नव्हता. पोस्टातले पैसे तेव्हा पहिल्यांदा बाहेर आले आणि त्यांच्या जिवावर ती त्या बाकावर बसून राहू शकली. दुसरी एखादी पहिल्याच महिन्यात सही करून मोकळी झाली असती, करावीच लागली असती. पण पैसे असले तरी साक्षीदार लागतो. दांडी मोडलेली होती हे सगळ्या बायकांनी पाहिलं होतं, आणि विचारल्यावर सगळ्यांना नेमकं त्या दिवशी लक्ष नव्हतं. फक्त घडीवाली उभी राहिली. तिचं तेव्हा धाकटं मूल अंगावर पीत होतं, नवऱ्याचं काम कच्चं होतं. तरी ती कचेरीत आली आणि साहेबांच्या समोर म्हणाली, दांडी मोडली होती, मी रोज बघत होते, हिने दोनदा सांगितलं तेव्हाही मी तिथे होते.

भरपाई मिळाली. चिल्लरने ती रक्कम जशीच्या तशी बँकेत मुदत ठेवीत टाकली आणि पुन्हा रोलरवर जाऊन उभी राहिली. आठ बोटांनी चादर धरायची नवी रीत तिने बसवली. घडीवालीला ती आभार वगैरे मानत बसली नाही. तशी बोलायची पद्धत दोघींमध्ये नव्हती. पण त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत दोघींचे डबे एकाच टेबलावर उघडत.

एक्कावन्नाव्या वर्षी चिल्लरने घर घेतलं. बस डेपोच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. कर्ज नाही, हप्ता नाही, सगळी रक्कम एकदम. विकणाऱ्याला वाटलं बाई थट्टा करते आहे. बँकेचा धनादेश हातात पडल्यावर त्याने तिला खुर्ची दिली. नवऱ्याने खोल्या स्वतः रंगवल्या, गिऱ्हाइकांकडे उरलेल्या डब्यांमधून, त्यामुळे चार भिंतींचे चार रंग झाले. चिल्लर त्या खोलीच्या मधोमध उभी राहून एकेक भिंत निरखू लागली. नवरा म्हणाला, "आता तरी हस." ती म्हणाली, "ती भिंत फारच हिरवी झाली."

घराची बातमी लॉन्ड्रीच्या ऑफिसात पोचली आणि तिथून सगळं बिघडलं.

ऑफिसात एक नवी मुलगी आली होती. कामगारांचे अर्ज, रजा, तक्रारी बघायला. वय पंचविसाच्या आत, हातात वही, बोलणं गोड. ती रोलरपाशी आली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही याच पगारात घर घेतलंत म्हणे. मला सांगा ना कसं."

सव्वीस वर्षांत हा प्रश्न चिल्लरला असा कुणी विचारला नव्हता. सगळ्यांनी चेष्टा केली होती, काहींनी हेवा केला होता, पण वही उघडून, समोर बसून, कसं जमवलंत असं विचारणारं हे पहिलंच माणूस. चिल्लर विरघळली. कामाच्या वेळात, भरपगारी, तासभर बोलली. दिराचं दार सांगितलं, पोस्ट सांगितलं, दोन थांबे सांगितले, कॅलेंडर सांगितलं. रोलरचं सांगितलं, बोटांचं सांगितलं, घराच्या किमतीतला तिसरा हिस्सा भरपाईचा होता तेही सांगितलं. मुलगी भराभर लिहून घेत होती. मग तिने फोटो काढला. काढताना म्हणाली, "मावशी, डावा हात जरा मागे घ्या ना. चेहऱ्यावर लक्ष जायला हवं." चिल्लरने हात मागे घेतला. इतकंच काय, हसलीही.

इकडे बायकांचा एक अर्ज ऑफिसात पडून होता. तीन वर्षं पगार वाढला नव्हता. भाडं वाढलं, तेल वाढलं, बसचं तिकीट दोनदा वाढलं. अर्जावर सगळ्यांच्या सह्या होत्या, चिल्लरची वरून चौथी. मालक थकले होते आणि कारभार त्यांचा मुलगा बघत होता. धाकटे मालक म्हणाले होते, पगाराच्या दिवशी उत्तर मिळेल.

पगाराच्या दिवशी पाकिटातून एक गुळगुळीत, रंगीत कागद निघाला. त्यावर चिल्लर हसत होती. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, पगार छोटा, स्वप्न मोठं. खाली तिच्या पाच सवयी. त्याखाली, आपल्याच लॉन्ड्रीतल्या एका मावशींनी याच पगारात आणि कंपनीच्या खंबीर साथीने स्वतःचं घर घेतलं, मग तुम्ही का नाही? तोच फोटो दाराएवढा मोठा करून सूचनाफलकावर लावला होता, जिथे अर्जाचं उत्तर लागणार होतं तिथेच. सुपरवायझर पाकिटं वाटताना म्हणाला, पगार पुरत नाही म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावं, उत्तर यातच आहे.

मधल्या सुट्टीत प्रत्येकीच्या डब्याशेजारी तो कागद होता. एकजण म्हणाली, आता दोन थांबे नाही, मी घरापासूनच चालत येते, म्हणजे बंगलाच होईल. कुणी हसलं नाही.

घडीवालीने कागद पूर्ण वाचला. तिला वाचायला वेळ लागायचा, एकेका ओळीवर बोट फिरवत वाचायची. वाचून झाल्यावर तिने तो चिल्लरसमोर ठेवला. "माझा नवरा जाऊन दोन वर्षं झाली. दोन पोरं आहेत, सासू अंथरुणात आहे. मी आधीच चालत येते. आता यातलं मी काय कमी करू, ते सांग. सासूचं औषध का पोरांचं खाणं?"

"हे मी लिहिलेलं नाही," चिल्लर म्हणाली.

"तोंड तुझं आहे."

आणि ती डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.

चिल्लरच्या डोक्यात तिडीक गेली. आधी राग गेला तो घडीवालीवरच. मी काय कुणाचं चोरलं? पोटाला चिमटा काढून जमवलं, स्वतःच्या लेकीची सहल बुडवून जमवलं, ते आता यांच्या डोळ्यांत खुपतंय. संध्याकाळपर्यंत ती हेच घोकत राहिली. घरी गेल्यावर तिने कागद नवऱ्यापुढे फेकला आणि म्हणाली, बघा, माझ्या बचतीने लोकांच्या पोटात दुखायला लागलंय.

नवऱ्याने कागद हातात घेतला. आधी हसला, फोटोत तू फार सज्जन दिसतेस म्हणाला. मग त्याने कागद जरा लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"तुझा हात कुठे आहे?" त्याने विचारलं.

चिल्लरने कागद परत घेतला. तिला वाचता येत होतं, पण दिवसभरात तिने रागाच्या भरात तो नीट वाचलाच नव्हता. आता वाचला. हात नव्हता. बोटं नव्हती. भरपाईचं एक अक्षर नव्हतं. अकरा महिने नव्हते, कामगार कचेरी नव्हती, घडीवालीची साक्ष नव्हती. कंपनीची खंबीर साथ मात्र होती. ज्या कंपनीने तिला निष्काळजी ठरवायला वकील लावला होता, तिची साथ. आणि हात मागे लपवून, हसून, हे सगळं शक्य करून देणारी ती स्वतःच होती. राग फिरला. तो आता कुठे जायला हवा हे तिला बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवशी रोलरवर जाण्याआधी ती ऑफिसात गेली. मुलगी तिला बघून उभी राहिली आणि काही विचारायच्या आतच बोलायला लागली. मी सगळं लिहिलं होतं मावशी, अपघाताचंही लिहिलं होतं, वरून काढून टाकलं, मला म्हणाले सकारात्मक ठेव. तिने ड्रॉवरमधून पहिला मसुदा काढून दाखवला. खरंच होतं त्यात. लाल पेनाने दोन परिच्छेदांवर आडवी रेघ मारली होती.

"मग हात मागे घ्यायला कुणी सांगितलं होतं?" चिल्लरने विचारलं.

मुलगी मसुद्याच्या कडा सारख्या करू लागली. ती रडेल असं वाटलं. चिल्लरला तिची दया आली नाही. पुढेही आली नाही. ती फक्त म्हणाली, तो कागद मला दे, आणि लाल रेघांचा मसुदा घडी घालून घेऊन गेली.

शनिवारी कार्यक्रम होता. धुतलेल्या मालाच्या गोदामात खुर्च्या मांडल्या होत्या. एका बँकेची माणसं टेबल टाकून बसली होती, बायकांची बचत खाती उघडायला. धाकट्या मालकांनी छोटंसं भाषण केलं. म्हणाले, पैसा किती येतो याला महत्त्व नसतं, तो कसा राखायचा याला असतं. म्हणाले, आपल्या मावशी हे त्याचं जिवंत उदाहरण. मग त्यांनी तिला पुढे बोलावून एक चकचकीत चिनी मातीचा गल्ला भेट दिला आणि दोन शब्द बोलायची विनंती केली.

चिल्लरने गल्ला खुर्चीवर ठेवला. तिला भाषणाची सवय नव्हती. तिने मसुदा उघडला आणि रेघ मारलेले दोन परिच्छेद मोठ्याने वाचले, सावकाश, एकही शब्द न गाळता. वाचून झाल्यावर डावा हात वर केला.

"घराचा तिसरा हिस्सा या दोन बोटांचा आहे," ती म्हणाली. "त्या कागदावरच्या पाचही सवयी खऱ्या आहेत, माझ्याच आहेत, मी कुणालाही शिकवीन. पण मी कामाला लागले तेव्हा माझ्या पगारातला चौथा भाग भाड्याला जायचा. आज नवी लागलेली मुलगी अर्धा पगार भाड्याला देते. तिने दहावा हिस्सा कुठून काढायचा ते साहेबांनी इथे उभं राहून सांगावं. माझ्या घरात दोघं कमावत होतो, खाणारी तीन तोंडं होती, आणि माझी आई पहिल्याच दुखण्यातून बरी झाली. हे माझं नशीब, ती सवय नव्हे. आणि मी बचत का केली? कंपनीच्या भरवशावर नाही केली. कंपनीचा काडीचा भरवसा नव्हता म्हणून केली."

धाकटे मालक हसत उठले आणि माइकसाठी हात पुढे करून म्हणाले, मावशी जरा भावुक झाल्या आहेत. चिल्लरने माइक दिला नाही.

"मी भावुक झालेले नाही, साहेब, मी चिडलेय," ती म्हणाली. "आम्ही तुमच्याकडे पगारवाढ मागितली होती. त्याचं उत्तर तुमच्या तोंडाने द्या, माझ्या फोटोने देऊ नका."

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. बायका खाली बघत बसल्या. बँकेच्या माणसाने आपले फॉर्म नीट लावायला घेतले. चिल्लर गोदामातून बाहेर पडली, सूचनाफलकापाशी गेली आणि पोस्टर खेचून काढलं. ते चिकटवलेलं होतं, त्यामुळे एक कोपरा भिंतीवर तसाच राहिला.

सोमवारी तिला रोलरवरून हलवलं. मळका माल निवडायच्या खोलीत पाठवलं, जिथे दवाखान्यांच्या पिशव्या उघडल्या जात. रक्त, पू, औषधं, ओकारी, कधी चादरीत राहिलेली सुई. तिथे साधारणपणे नव्या बायकांना ठेवत आणि दोन महिन्यांनी बदलत. चिल्लरच्या हातात कंपनीचे हातमोजे बसेनात. डाव्या मोज्याची रिकामी दोन बोटं सगळीकडे अडकत. तिने ती बोटं आत वळवून शिवून टाकली आणि काम सुरू केलं. तक्रार केली नाही, कारण तक्रार करेल याचीच वाट बघत होते.

दोन महिन्यांनी, अर्जाला तरीही उत्तर न आल्यावर, बायकांनी काम बंद केलं. रोलर थंड पडले. नऊ दिवस पडले. पाचव्या दिवशी पुष्कळ घरांतून कुरबुर सुरू झाली, कुणाचा नवरा म्हणे परत जा, कुणाचा घरमालक दारात. चिल्लर बँकेत गेली आणि तिने मुदत संपायच्या आत एक ठेव मोडली. कारकून म्हणाला, व्याज बुडेल बाई, चार महिने थांबा. तिलाही ते ठाऊक होतं. बुडालेल्या व्याजाचा आकडा तिने त्याच्याकडून लिहून घेतला आणि वाटेत बसमध्ये तो पुन्हा पुन्हा बघून जीव जाळला. मग तिने पीठ, तेल, साखर, डाळ घाऊक बाजारातून घासाघीस करून आणली. पिशव्या भरल्या आणि नवऱ्याच्या रंगकामाच्या हातगाडीवरून घरोघर पाठवल्या. कुणी मागायला यायची वेळ येऊ दिली नाही. ज्यांना नको होत्या त्यांनी परत पाठवल्या. घडीवालीनेही परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी चिल्लरने तीच पिशवी पुन्हा पाठवली. ती परत आली नाही. त्यानंतर दोन दिवसांनी घडीवाली बंद फाटकापाशी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"साखर कमी होती," ती म्हणाली.

"सगळ्यांना तेवढीच दिली."

"माहीत आहे. तरी कमी होती."

चिल्लरला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही. दोघींचं पूर्वीसारखं कधी झालं नाही. डबे पुन्हा एका टेबलावर आले, पण घडीवाली काही सांगायच्या आधी आता जरा थांबायची, विचार करायची. चिल्लरला ते दिसायचं. तो कागद ज्यांनी छापला त्यांना त्यातलं काहीच दिसलं नाही, आणि पुढेही दिसणार नाही, याचा तिला सगळ्यात जास्त संताप येई.

दहाव्या दिवशी वाढ मिळाली. मागितली होती त्याच्या निम्मी. बायका फाटकापाशी एकमेकींना मिठ्या मारत होत्या आणि चिल्लर मध्ये उभी राहून सांगत होती की तीन वर्षांत भाडंच याच्या दुप्पट वाढलंय, तेव्हा नाचू नका. कुणीतरी तिचं तोंड दाबलं. तेव्हा सगळ्याजणी हसल्या, त्यात तिची चेष्टा होती, पण पूर्वीसारखी.

मळक्या मालाच्या खोलीत तिने चौदा महिने काढले. ऑफिसला वाटत होतं ती विनंती करायला येईल. ती गेली ती राजीनामा घेऊन, निवृत्तीला तीन वर्षं बाकी असताना, स्वतः निवडलेल्या एका मंगळवारी. साहेब म्हणाले, तीन वर्षांचा पगार सोडताय, विचार करा. चिल्लर म्हणाली, विचार करूनच सोडतेय, साठवलं होतं ते सोडता यावं म्हणूनच. तिच्या डोक्यात किती सोडतेय त्याचा आकडा होताच आणि तिला त्याचा त्रासही होत होता. पण त्या खोलीत आणखी एक सोमवार उभं राहण्यापेक्षा तो त्रास परवडला.

आता लॉन्ड्रीतल्या नव्या मुली सुट्टीच्या दिवशी तिच्या घरी येतात, बचत कशी करायची विचारायला. ती शिकवते. पण आधी पगाराची पावती आणायला लावते आणि तिच्यातली कापलेली प्रत्येक रक्कम कशाची ते वाचून घेते. जिला समजत नाही तिला ऑफिसात विचारायला पाठवते. पोस्टाची पाळी त्यानंतर येते. मुली तिला घाबरतात, तरी येतात.

मागच्या महिन्यात एका बँकेचा माणूस आला होता. वेगळी बँक, पण चेहऱ्यावर तसंच हसू. म्हणाला, तुमची कहाणी ऐकली, आमच्या ग्राहकांपुढे अर्धा तास बोलाल का, लोकांना प्रेरणा मिळेल. चिल्लरने विचारलं, पैसे किती देणार. तो गोंधळला, म्हणाला, हे तर समाजकार्य आहे. तिने विचारलं, बँक फुकट चालवता का. त्याने हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला, पण ती हसली नाही. तेव्हा त्याने विचारलं, बरं, तुमची अपेक्षा काय आहे. तिने आकडा सांगितला. त्याने तो लिहून घेतला, कळवतो म्हणाला आणि जिना उतरला.

"किती सांगितलास?" आतून नवऱ्याने विचारलं.

"लॉन्ड्रीतला एका दिवसाचा पगार."

नवरा बाहेर आला आणि दाराच्या चौकटीला टेकून तिच्याकडे बघत राहिला. "अर्ध्या तासात एवढा खर्च त्यांच्या चहापाण्यावर होतो गं. तू फार कमी मागितलंस."

चिल्लर उठली, चप्पल घातली आणि तो माणूस बसथांब्यावर पोचायच्या आत त्याला गाठायला जिना उतरू लागली.